‘ठिणगी पडली’ एवढं सांगून महायुद्ध शिकवू नका
आमच्या शिक्षणसंस्थेच्या अभ्यासक्रम समितीला खुले पत्र

आदरणीय अध्यक्ष आणि समितीचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपलं परिपत्रक हाती आलं. बारावी कला शाखेच्या इतिहासातला पहिल्या महायुद्धाचा भाग यंदापासून दोन तासिकांत उरकायचा, सोबतच्या टिपणाची झेरॉक्स मुलांना द्यायची आणि चाचणीत त्यावर फक्त वस्तुनिष्ठ प्रश्न विचारायचे, असं त्यात म्हटलंय. टिपण अर्ध्या पानाचं आहे. लष्करवाद, गुप्त करार, साम्राज्यवाद, आक्रमक राष्ट्रवाद ही चार कारणं, आणि खाली एक ओळ : ‘२८ जून १९१४ रोजी साराजेवो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाल्याने ठिणगी पडली व महायुद्धाचा भडका उडाला.’

प्राचार्यांशी बोलले. समितीला दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. पालकांनी हे वाचावं, माजी विद्यार्थ्यांनी वाचावं आणि इतर शाळा-महाविद्यालयांत हेच टिपण थोड्या फरकानं वाटणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनीही वाचावं. मी बावीस वर्षं इतिहास शिकवते. तासिका कमी झाल्याचं दुःख प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला असतं, ते मी बाजूला ठेवते. माझं म्हणणं त्या एका ओळीबद्दल आहे.

पण आधी मी यात एवढी का गुंतले आहे ते सांगते.

आमच्या गावाकडच्या घरात देव्हाऱ्याखालच्या फळीवर ब्राँझची एक गोल चकती आहे, तळहातापेक्षा थोडी मोठी. पणजीच्या नावानं ती टपालानं आली, तेव्हा तिच्यावर काय लिहिलंय हे घरात कोणालाच वाचता येत नव्हतं. कित्येक वर्षं ती ताकाच्या मडक्यावर झाकण म्हणून होती. लहानपणी मी तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचे आणि चित्र उठवायचे. एक बाई हातात पानांचं कडं धरून उभी आहे. शेजारी सिंह. दोन मासे. कडेनं इंग्रजी अक्षरं. आणि अगदी तळाशी, बोटभर जागेत, दुसरा एक लहान सिंह कुठल्याशा पक्ष्यावर तुटून पडलाय. मला तो कोंबडा वाटायचा. पुढे एम.ए.ला असताना कळलं की तो गरुड आहे, जर्मनीचा. सिंह ब्रिटनचा. ते मासे म्हणजे डॉल्फिन, ब्रिटनच्या समुद्रावरच्या सत्तेचं चिन्ह. युरोपातल्या दोन सत्तांचं वैर सातारा जिल्ह्यातल्या एका स्वयंपाकघरात ताकावर झाकण होऊन बसलं होतं. चौकटीत पणजोबांचं नाव आहे, हुद्दा नाही. कडेची अक्षरं सांगतात, ‘तो स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला.’

पणजोबा ११७ मराठा पलटणीत शिपाई होते. ही पलटण सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेली आणि डिसेंबर १९१५ मध्ये तैग्रिस नदीकाठच्या कूत या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंड शरण गेले. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यांतली बहुसंख्य हिंदी. पणजोबा कूतमधून जिवंत बाहेर पडले. त्यानंतरचं घरात एकच वाक्य सांगितलं जायचं, ‘रेल्वेवर मेला.’ मला लहानपणी ती मुंबईची रेल्वे वाटायची. ती बगदाद रेल्वे होती. कूतच्या हिंदी कैद्यांपैकी अनेकांना वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनला नेलं आणि त्या रेल्वेच्या कामावर जुंपलं. पलटणीतला परत आलेला एक जण पणजीला भेटून हे सांगून गेला. मृत्यूची तारीख त्यालाही ठाऊक नव्हती.

त्यामुळे ‘ठिणगी पडली’ हे वाक्य फळ्यावर लिहिताना माझा हात थांबतो.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार त्या ओळीच्या व्याकरणाबद्दल आहे. ठिणगी पडली. भडका उडाला. या वाक्यांत माणूस कुठे आहे? वीज पडते, पाऊस पडतो, तशी ठिणगी पडली. कोणी सही केली नाही, कोणी तार पाठवली नाही, कोणी ‘नको’ म्हणण्याऐवजी गप्प बसलं नाही. आपली मुलं हे वाक्य पाठ करतात आणि त्यासोबत असंही शिकतात की मोठ्या राष्ट्रांची चुरस वाढली की एक दिवस आपोआप युद्ध होतं. हे खरं नाही. २८ जूनला साराजेवोत गोळी झाडली गेली. ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. मधे ३७ दिवस होते. त्या दिवसांत काय झालं हे टिपणात एका शब्दानंही नाही.

ते मला इथे थोडं सविस्तर सांगू द्या, कारण दोन तासिकांच्या मर्यादेत जे गळणार आहे ते हेच.

युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांच्या पत्नी सोफी यांना मारणारा गाव्रिलो प्रिन्सिप हा बोस्नियातला सर्ब तरुण १९ वर्षांचा होता, म्हणजे आमच्या बारावीच्या मुलांहून वर्ष-दोन वर्षांनी मोठा. व्हिएन्नात, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजधानीत, शेजारच्या सर्बियाशी युद्ध नको असं वजन टाकून सांगू शकणाऱ्यांत सर्वांत मोठा माणूस खुद्द हा युवराजच होता. तो गेल्यावर सेनाप्रमुख कॉनराड यांना मोकळं रान मिळालं. तरीही ऑस्ट्रियानं दुसऱ्या दिवशी हल्ला केला नाही. आधी मित्र असलेल्या जर्मनीकडे, बर्लिनला, माणूस पाठवला. ५ आणि ६ जुलैला पॉट्सडॅम आणि बर्लिनमध्ये जर्मन सम्राट कैसर विल्हेल्म आणि चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यांनी सांगितलं की तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. इतिहासात याला कोरा चेक म्हणतात. चेक दिला आणि कैसर नॉर्वेच्या सागरी सहलीला निघून गेले.

ऑस्ट्रियाच्याच साम्राज्यातल्या हंगेरीचे पंतप्रधान टिसा यांचा युद्धाला विरोध होता. तो १४ जुलैला मावळला. त्याच सुमारास, १३ जुलैला, साराजेवोला तपासासाठी गेलेल्या ऑस्ट्रियाच्याच अधिकाऱ्यानं कळवलं होतं की कटात सर्बियन सरकारचा हात असल्याचा पुरावा मिळत नाही. मग एवढा उशीर कशासाठी? एक कारण माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना चटकन कळतं. ऑस्ट्रियाचे पुष्कळ शिपाई सुगीच्या रजेवर घरी गेले होते. पीक घरात आल्याशिवाय फौज उभी राहणार नव्हती. दुसरं कारण, फ्रान्सचे अध्यक्ष प्वँकारे तेव्हा रशियाच्या झारचे पाहुणे होते. ते तिथून निघाले त्याच संध्याकाळी, २३ जुलैला सहा वाजता, सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये, दहा कलमी निर्वाणीचा खलिता देण्यात आला. मुदत ४८ तासांची.

सर्बियानं जवळजवळ सगळं मान्य केलं. नाही म्हटलं ते मुख्यतः एका कलमाला, ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी आमच्या भूमीवर येऊन तपासात भाग घ्यायचा, याला. पंतप्रधान पाशिच उत्तर स्वतः घेऊन गेले. ऑस्ट्रियाच्या राजदूतानं ते चाळलं, संबंध तोडल्याचं पत्र दिलं आणि अर्ध्या तासात रेल्वेत बसला. सामान आधीच बांधलेलं होतं. २८ जुलैच्या सकाळी कैसरनं ते उत्तर वाचलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं की आता युद्धाचं कारणच उरलेलं नाही. बेलग्रेडपाशी थांबा आणि बोलणी करा, असंही त्यांनी सुचवलं. त्याच दिवशी व्हिएन्नानं तारेनं युद्ध पुकारलं. ८३ वर्षांच्या सम्राट फ्रान्झ योझेफ यांची सही झाली होती.

यात ठिणगी कुठली? सगळी टेबलावर बसून, कागदावर, घड्याळाकडे बघत केलेली कामं आहेत.

पुढचा आठवडा तर मी कधीच घाईनं शिकवू शकलेले नाही. २९ जुलैपासून झार निकोलस आणि कैसर विल्हेल्म एकमेकांना इंग्रजीतून तारा करत होते. खाली ‘निकी’ आणि ‘विली’ अशा सह्या. ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज हा दोघांच्याही नात्यातला. विल्हेल्म आणि जॉर्ज हे राणी व्हिक्टोरियाचे नातू, आणि झारची पत्नी तिची नात. आपल्या भाषेत सांगायचं तर तिघं भावकीतले. २९ जुलैच्या रात्री विलीची तार आली म्हणून झारनं संपूर्ण सैन्य उभं करण्याचा हुकूम मागे घेतला. एका माणसानं दिलेला हुकूम एका तारेनं थांबला, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह झारपुढे बसले आणि दुपारी चारच्या सुमारास तो हुकूम पुन्हा निघाला. सेनाप्रमुख यानुश्केविच यांनी ठरवून ठेवलं होतं की हुकूम मिळाला की आपण फोन तोडून टाकायचा, म्हणजे झारचं मन पुन्हा बदललं तरी निरोप पोचायला नको.

१ ऑगस्टला बर्लिनमध्ये लंडनहून एक तार आली. फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील, असा तिचा अर्थ लावला गेला. पुढे तो गैरसमज निघाला. पण त्या दोन-चार तासांत कैसर जर्मन सेनाप्रमुख मोल्टकेंना म्हणाले, मग सगळं सैन्य पूर्वेकडे, रशियाकडे वळवा. मोल्टके म्हणाले, शक्य नाही. ११ हजार गाड्यांचं वेळापत्रक ठरलं होतं आणि ते पश्चिमेकडे धावत होतं. फक्त पूर्वेकडे लढायची जी वेगळी योजना होती ती १९१३ मध्ये मोल्टकेंच्याच कार्यालयानं गुंडाळून ठेवली होती.

दर वर्षी वर्गातून हाच प्रश्न येतो : भांडण सर्बियात, मग जर्मन सैन्य पहिल्यांदा बेल्जियममध्ये का घुसलं? याचं उत्तर कळलं की मुलाला ‘लष्करवाद’ आणि ‘गुप्त करार’ हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. फ्रान्स आणि रशिया यांचा १८९४ पासून करार होता, म्हणून जर्मनीला दोन्हीकडून लढावं लागणार होतं. रशिया अवाढव्य, त्याला सैन्य गोळा करायला वेळ लागणार. म्हणून आधी सहा आठवड्यांत फ्रान्स संपवायचा आणि मग पूर्वेकडे वळायचं, असा हिशेब. फ्रान्सच्या सरहद्दीवर किल्ल्यांची रांग, म्हणून वाट बेल्जियममधून. पण रशिया फ्रान्सच्या कर्जावर रेल्वे बांधत होता. जसजसे रूळ वाढत होते तसतसे जर्मनीचे ते सहा आठवडे आक्रसत होते. म्हणून बर्लिनमधले सेनापती म्हणू लागले, लढायचंच असेल तर आत्ता, दोन-तीन वर्षांनी उशीर होईल. आणि बेल्जियमच्या तटस्थतेची हमी ब्रिटननं १८३९ च्या करारात दिली होती. एक धागा ओढला की पाचही सत्ता कशा ओढल्या जातात हे नकाशावर बोट ठेवून दाखवलं तर वीस मिनिटांत समजतं. नकाशा मात्र लागतो. गेल्या वर्षी ग्रंथालय आवरताना १९१४ चा युरोपचा कापडी नकाशा भंगारात गेला. ही माझी दुसरी तक्रार, आणि एवढी छोटी गोष्ट मागायला खुलं पत्र लिहावं लागतंय याचं मला वाईट वाटतं.

तिसरी तक्रार. टिपण वाचून असं वाटतं की चुरस होती म्हणजे युद्ध होणारच होतं. तर मग त्याआधी का झालं नाही? १८९८ मध्ये सुदानातल्या फशोदा इथे ब्रिटन आणि फ्रान्स समोरासमोर उभे ठाकले. फ्रान्सनं माघार घेतली आणि सहा वर्षांनी त्याच दोघांनी मैत्रीचा करार केला. मोरोक्कोवरून १९०५ मध्ये आणि पुन्हा १९११ मध्ये जर्मनी आणि फ्रान्स यांच्यात युद्धाची वेळ आली, दोन्ही वेळा टळली. १९०८ मध्ये ऑस्ट्रियानं बोस्निया गिळला, रशिया चरफडला पण लढला नाही. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत तर लंडनमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी राजदूतांना महिनोन्‌महिने एका टेबलावर बसवून ठेवलं आणि मोठ्या सत्ता एकमेकींच्या अंगावर गेल्या नाहीत. मग जुलै १९१४ मध्ये त्याच ग्रे यांनी चार सत्तांची परिषद सुचवली तेव्हा बर्लिननं ती का नाकारली? आणि बेल्जियमवर हल्ला झाला तर आम्ही लढू, हे ब्रिटननं वेळेवर आणि स्पष्ट का सांगितलं नाही? अभ्यास करायचा तो या प्रश्नांचा.

माझं उत्तर मी वर्गात बांधाच्या भांडणावरून सांगते. गावात बांध कोरण्यावरून वाद होतो. पहिल्या वर्षी थोरला भाऊ गप्प बसतो, तलाठ्याकडे जातो, मिटतं. पुढच्या वर्षी धाकटा गप्प बसतो. मिटवणारे मिटवतात, पण दोघंही मनात एक गोष्ट धरून बसतात : मागच्या वेळी मी माघार घेतली, आता नाही. बोस्नियाच्या त्या प्रकरणात रशिया १९०९ मध्ये नमला होता. जर्मनीला १९११ मध्ये मोरोक्कोवरून हात हलवत परतावं लागलं असं तिथल्या लोकांना वाटत होतं. ऑस्ट्रियानं १९१३ मध्ये सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला आणि सर्बिया मागे हटला, तेव्हा व्हिएन्नाला वाटलं की धाक चालतो. प्रत्येक टळलेल्या युद्धाचा प्रत्येकानं सोयीचा धडा घेतला. चुरशीतून युद्धाकडे जाणारी वाट मला इथे दिसते, आणि ती भडक्यासारखी एका क्षणात पेटत नाही. इतिहासकारांत कोण किती दोषी यावर शंभर वर्षं वाद आहे. माझ्या मते सर्वांत जड पारडं व्हिएन्ना आणि बर्लिनचं. पण झारच्या सहीचं आणि लंडनच्या संदिग्धपणाचं वजन मी शून्य धरत नाही, आणि मुलांनी माझ्याशी यावर वाद घालावा असं मला वाटतं. वस्तुनिष्ठ प्रश्नात तो वाद घालता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी वर्गात एक प्रयोग केला. सहा मुलांना सहा भूमिका दिल्या आणि प्रत्येकाला त्या त्या माणसाच्या हाती होती तेवढीच माहिती चिठ्ठ्यांवर लिहून दिली. झार झालेली मुलगी शांत स्वभावाची. साझोनोव्ह झालेला मुलगा तिला पुन्हा पुन्हा म्हणत होता, ‘ते तयार झाले असतील आणि आपण नसू, तर?’ ती म्हणाली, सही करणार नाही. वर्ग ओरडायला लागला. तिनं तीन वेळा पेन उचलला आणि ठेवला. चौथ्या वेळी सही केली आणि डोकं बाकावर टेकवून बसली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, तिनं अजून एक दिवस थांबायला पाहिजे होतं.’ त्या दिवशी मला वाटलं की माझं शिकवून झालं. त्या प्रयोगाला तीन तासिका लागल्या होत्या.

चौथी तक्रार आपल्या माणसांची आहे. टिपणात ‘भारताचा सहभाग’ म्हणून एकच वाक्य आहे, १३ लाख भारतीय गेले आणि ७४ हजारांहून अधिक मृत्युमुखी पडले. कुठे गेले, का गेले, काही नाही. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं तेव्हा इथल्या एकाही माणसाला विचारलेलं नव्हतं, हेही नाही.

पुणे डिव्हिजन इराकच्या वाळवंटात कशाला गेली? १८९८ पासून जर्मनीचे नौदलमंत्री तिरपित्झ युद्धनौका बांधू लागले. ब्रिटननं १९०६ मध्ये ड्रेडनॉट ही नव्या धर्तीची युद्धनौका समुद्रात उतरवली आणि जुन्या सगळ्या नौका एका दिवसात कालबाह्य झाल्या. मग दोघांची मोजदाद सुरू झाली, तुमच्या किती, आमच्या किती. जर्मन नौकांपेक्षा वेग हवा म्हणून आरमारमंत्री चर्चिल यांच्या कारकिर्दीत ब्रिटिश आरमार कोळशाकडून तेलाकडे वळलं. तेल इराणात, शुद्धीकरणाचा कारखाना आखाताच्या उत्तर टोकाशी अबादानला. जून १९१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं त्या तेल कंपनीतला मोठा हिस्सा विकत घ्यायला मंजुरी दिली. पाच महिन्यांनी तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं उतरलं, आणि ६ नोव्हेंबरला पुणे डिव्हिजनची माणसं अबादानजवळ फावच्या किनाऱ्यावर उतरली. चकतीवरचे ते दोन डॉल्फिन पणजोबांना तिथे घेऊन गेले.

आणि ज्या रेल्वेवर ते मेले, ती बर्लिनला बगदादशी जोडणारी रेल्वे जर्मन भांडवलानं बांधली जात होती. ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात तिच्यावरून दहा वर्षं तंटा होता. तो तंटा मिटला होता. जून १९१४ च्या मध्यात दोघांच्या प्रतिनिधींनी कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरांच्या सह्या केल्या होत्या. साराजेवोच्या दोन आठवडे आधी. मी हे वर्गात सांगते तेव्हा दर वेळी क्षणभर थांबावं लागतं.

मराठा पलटणींच्या १०३, ११० आणि ११७ अशा तीन तुकड्या एकट्या कूतमध्ये होत्या. १९१७ मध्ये माणसं कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये गरज संपल्यावर ती मोडली. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरांशी या दोन वाक्यांचा संबंध आहे आणि त्यांना तो माहीत नाही. आपल्या जिल्ह्यातलं अपशिंगे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखलं जातं, तिथे महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक आहे. आपल्या संस्थेची सहल दर वर्षी वॉटर पार्कला जाते, तिकडे एकदाही गेलेली नाही. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी शिपायांचा मात्र बहुतांशी पलटणवार आकडा. आपलं टिपणही आकडाच देतं.

कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीचं युरोपचं भांडण, आपल्या मुलांना त्याचं काय? २०२२ च्या फेब्रुवारीत माझी एक माजी विद्यार्थिनी वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनमध्ये होती. ती परत येईपर्यंत तिची आई रोज मला फोन करायची आणि एकच विचारायची, ‘मॅडम, हे वाढणार का?’ मला उत्तर देता येत नव्हतं. पण कशाकडे बघायचं हे मी तिला सांगू शकले : कोणी कोणाला कोरा चेक दिलाय, कोण कोणाशी अजून फोनवर बोलतंय, कोणाला वाटतंय की थांबलो तर उशीर होईल. हे मी त्या ३७ दिवसांतून शिकले होते.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिल्या महायुद्धाला किमान आठ तासिका द्या, त्यांतल्या दोन केवळ २८ जून ते ४ ऑगस्ट या दिवसांसाठी. टिपण मागे घ्या. ते मागे घेणं जमत नसेल तर निदान शेवटची ओळ बदला आणि तिथे कर्ता असलेली वाक्यं घाला : कोणी, कधी, काय ठरवलं. मी लिहून देते, मोबदला नको. चाचणीत या भागावर एक तरी दीर्घोत्तरी प्रश्न ठेवा, ज्यात मुलाला ‘हे युद्ध कुठल्या दिवशी टळू शकलं असतं’ याचं स्वतःचं उत्तर मांडता येईल. १९१४ च्या युरोपचा भिंतीवरचा नकाशा परत आणा. निधी नसेल तर माजी विद्यार्थी देतील, दोघांनी मला तसं सांगितलंय. एक सहल अपशिंग्याला न्या. आणि ज्या मुलांच्या घरात जुनी पदकं, चकत्या, पेन्शनचे कागद आहेत त्यांनी ते वर्गात आणून दाखवावेत यासाठी वर्षातला एक दिवस ठरवून द्या.

यातलं काहीही लगेच शक्य नसेल तर तसं लेखी कळवा, म्हणजे आम्ही शिक्षक शनिवारी दुपारी वेगळी तासिका घेऊ. त्यासाठी फक्त वर्गाची किल्ली लागेल.

येत्या सोमवारी तिसऱ्या तासिकेला मी हा भाग सुरू करते आहे. गावाहून चकती आणून ठेवली आहे. मुलांच्या हातात देणार आहे, सोबत कागद आणि पेन्सिली. आपल्यापैकी कोणाला यायचं असेल तर अवश्य या, मागच्या दोन बाकांवर जागा असते.

आपली नम्र,
इतिहासाची एक शिक्षिका,
जिल्हा सातारा